संघातली मुलं गेल्यावर गावानं काय करावं? एका क्रीडाशिक्षकांच्या प्रश्नाला उत्तर

तालुक्याच्या गावातल्या एका क्रीडाशिक्षकांनी लिहिलं आहे. त्यांच्या शाळेचा सतरा वर्षांखालचा कबड्डी संघ जिल्ह्याचे सामने खेळून रात्री भाड्याच्या जीपने परतत होता. वाटेत अंधारात उसाची ट्रॉली उभी होती, मागे रिफ्लेक्टर नव्हता. काही मुलं जागीच गेली, काही अजून दवाखान्यात आहेत, काही घरी आली आहेत. जीपचा चालक वाचला. तो शेजारच्याच वाडीचा आहे. सर स्वतः कामानिमित्त जिल्ह्याच्या गावी मागे थांबले होते. तेरावा होऊन आठवडा झाला. मंडळाची पोरं महिन्याच्या दिवशी स्मृतिचषक भरवायचं म्हणताहेत, दोन घरांना ते मान्य नाही. जमलेल्या पैशांवरून कुजबुज सुरू आहे. चालकाच्या घराशी कुणी बोलत नाही. वाचलेली मुलं आणि निवड न झाल्याने घरीच राहिलेली मुलं शाळेत येतात, पण मैदानाकडे फिरकत नाहीत. सरांचा प्रश्न आहे: सगळ्यांना पुन्हा एकत्र कसं आणायचं?

सर, अपघातात माणूस गमावलेल्या घरांबरोबर मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते आहे. त्या अनुभवावरून आधीच सांगते. गाव एकमेकांना धरून राहिलं पाहिजे, यात शंका नाही. पण सगळ्यांनी सारख्याच पद्धतीने शोक करावा आणि सारख्याच वेळी सावरावं, हा आग्रह गावाला जोडत नाही, फोडतो. संघ एक होता, पण दुःख प्रत्येक घराचं वेगळं आहे. ज्याचा मुलगा गेला ते घर, ज्याचा मुलगा पाय गमावून दवाखान्यात आहे ते घर, ज्याचा मुलगा खरचटून परत आला ते घर आणि ज्याच्या मुलाची निवडच झाली नव्हती ते घर, या चौघांना एका सभेत बसवून एकच भाषण ऐकवलं तर चौघंही रिकाम्या हातांनी घरी जातात.

हे सांगताना मला कॅनडातल्या हंबोल्टचा आधार घ्यावासा वाटतो. तुमच्यापुढे आज जे जे उभं आहे, ते जवळजवळ सगळं त्या गावापुढे उभं राहिलं होतं, आणि तिथे काय केलं गेलं याची जाहीर नोंद आहे. हंबोल्ट हे सस्कॅचवान प्रांतातलं सुमारे सहा हजार वस्तीचं शेतीप्रधान गाव. ब्रॉन्कोज हा तिथला तरुणांचा आइस हॉकी संघ. बाहेरगावची मुलं या संघात खेळायला येतात आणि गावातल्याच घरांमध्ये राहतात. म्हणजे प्रत्येक खेळाडूला दोन घरं, आणि मुलगा गेला की शोकही दोन घरांत. ६ एप्रिल २०१८ ला संध्याकाळी संघाची बस निपाविन गावी बाद फेरीच्या सामन्याला निघाली होती. ३५ आणि ३३५ क्रमांकाचे रस्ते जिथे मिळतात तिथे पीट मॉस (बागकामासाठी वापरतात ते वाळलेलं शेवाळ) भरलेला एक ट्रक थांब्याच्या खुणेला न थांबता चौकात घुसला आणि बस त्याच्यावर आदळली. बसमध्ये २९ जण होते. १६ गेले: दहा खेळाडू, दोन प्रशिक्षक, संघाची फिजिओ, आकडेवारी ठेवणारा एक अठरा वर्षांचा मुलगा, रेडिओवरचा समालोचक आणि बसचालक. वाचलेले तेराही खेळाडूच होते, आणि त्यातल्या काहींना कायमचं अपंगत्व आलं.

दोन दिवसांनी संघाच्या स्वतःच्या रिंगणात मोठी प्रार्थनासभा झाली, पंतप्रधानही आले. देशभर लोकांनी दाराबाहेर हॉकीच्या काठ्या उभ्या करून ठेवल्या. हे सगळं मनापासून होतं आणि त्या घरांना त्याचा आधारही झाला. पण त्याच सुमाराला एक भयंकर गोष्ट उघड झाली. बाद फेरीसाठी संघातल्या मुलांनी हौसेने केस सोनेरी रंगवले होते. अंगापिंडानेही बरेचसे सारखेच. अपघातानंतर दोन मुलांची ओळख चुकली. एका घराने आपला मुलगा गेला म्हणून शोक केला, तो दवाखान्यात जिवंत होता. दुसरं घर ज्या मुलाच्या उशाशी बसलं होतं, तो त्यांचा नव्हता. त्यांचा मुलगा गेला होता. ९ एप्रिलला सरकारी यंत्रणेने जाहीर माफी मागितली.

हे मुद्दाम सांगते आहे, कारण आपल्याकडे ही चूक यंत्रणेच्या आधी व्हॉट्सॲप करतं. तुमच्या पत्रात नाही, पण मी खात्रीने सांगते, अपघातस्थळाचे फोटो आणि एखादा तरी व्हिडिओ अजून गावात फिरतो आहे. गेलेल्या मुलाच्या लहान बहिणीने तो कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिलेला असण्याची शक्यता मोठी आहे. या आठवड्यात पहिलं काम हे करा: सरपंच, मुख्याध्यापक, मंडळाचे अध्यक्ष अशी वजनदार माणसं घेऊन प्रत्येक ग्रुपच्या ॲडमिनला प्रत्यक्ष भेटा आणि ते काढून टाकायला सांगा. ग्रुपवर सूचना टाकून हे होत नाही, उलट ज्यांनी पाहिलं नव्हतं तेही शोधायला लागतात. घरोघर जाऊन, नाव घेऊन सांगावं लागतं.

आता मुलांकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची आहे.

त्याच सस्कॅचवान प्रांतात ३० डिसेंबर १९८६ ला स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज या दुसऱ्या हॉकी संघाची बस बर्फावरून घसरून उलटली होती. मागच्या बाजूला पत्ते खेळत बसलेली चार मुलं गेली. त्या संघाच्या प्रशिक्षकाने मदतीसाठी बाहेरचं कुणालाही आत येऊ दिलं नाही. मुलं परत खेळायला लागली, अडीच वर्षांनी देशातला मोठा चषकही जिंकली, आणि बाहेरून सगळ्यांना वाटलं की पोरं सावरली. त्याच प्रशिक्षकाने खेळाडूंवर केलेले लैंगिक अत्याचार पुढे उघडकीला आले आणि १९९७ मध्ये त्याला शिक्षा झाली. तक्रार करणाऱ्यांमध्ये शेल्डन केनेडी होता. तो त्या बसमध्येही होता. एकतीस वर्षांनी हंबोल्टची बातमी आली तेव्हा केनेडी आणि त्याचे जुने सोबती तिथे जाऊन उभे राहिले. आपल्याला जे मिळालं नाही ते या मुलांना मिळावं, म्हणून. सर, संघाचा विजय हा मुलं बरी झाल्याचा पुरावा नाही. मैदानात उत्तम चढाई करणारा मुलगा रात्री जागा असू शकतो.

तुमच्याकडच्या मुलांचे तीन गट आहेत आणि तिघांचं ओझं वेगळं आहे.

वाचलेल्या मुलांच्या मनात एकच प्रश्न घोळतो: मीच का वाचलो? त्यात जागेचा हिशेब असतो. "मी खिडकीजवळ बसायचो, त्या दिवशी त्याला म्हटलं तू बस." असं एखादं वाक्य मूल महिनोन् महिने मनात धरून ठेवतं आणि गेलेल्या मित्राच्या आईसमोर जायला घाबरतं. मी पाहिलेला एक मुलगा अपघातानंतर रात्री बूट घालूनच झोपायचा. घरचे रागावायचे, अंथरूण मळतं म्हणून. त्याला कुणी शांतपणे विचारलं तेव्हा तो म्हणाला, त्या रात्री गाडीत सगळ्यांनी बूट काढले होते आणि बाहेर पडल्यावर काचांवरून अनवाणी चालावं लागलं होतं. मूल बोलत नसेल तर त्याचं वागणं बघा. विचित्र वाटणाऱ्या वागण्यामागे बहुतेक वेळा असं ठोस कारण सापडतं.

निवड न झालेल्या मुलांचं दुःख तर गाव मोजतच नाही. "तू वाचलास, देवाची कृपा" एवढं ऐकवून त्यांना सोडून दिलं जातं. त्यांच्या मनात मात्र राग, शरम आणि सुटकेचा निःश्वास असं सगळं एकदम असतं. यादी लागली तेव्हा ते निवडलेल्या मित्रावर रुसलेले असतात, कदाचित दोन दिवस बोललेलेही नसतात, आणि मग तो मित्र गेला. ही मुलं मैदानाकडे का येत नाहीत, हे तुम्हाला आता वेगळं सांगायला नको.

तिसरा गट वर्गातल्या बाकीच्यांचा, विशेषतः मुलींचा. एखादी मुलगी कोपऱ्यात बसून खूप रडते आणि "हिचा काय संबंध" असं कुणीतरी म्हणून जातं. संबंध असतो. तिला शोक करायची परवानगी कुणी दिलेली नसते, एवढंच. शिक्षिकांपैकी कुणीतरी तिच्याजवळ बसावं. चौकशा करू नयेत.

मदत कशी करावी, याबद्दल एक गैरसमज आहे. बाहेरून तज्ज्ञ बोलवायचा, सगळ्या मुलांना हॉलमध्ये बसवायचं आणि त्या रात्री काय घडलं ते प्रत्येकाकडून वदवून घ्यायचं, म्हणजे मन मोकळं होतं, अशी समजूत आहे. असं एका बैठकीत सक्तीने सांगायला लावण्याचा उपयोग होत नाही, काहींना त्याचा त्रासच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिचा गाभा अगदी साधा आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. कोण खात नाही, कोण झोपत नाही ते पाहा. बोलेल तेवढंच ऐका, उकरू नका. आणि ज्याला गरज आहे त्याला योग्य माणसाशी जोडून द्या. हे काम तुम्ही, वर्गशिक्षक, आशाताई, सगळेच करू शकता.

बोलायचं काय, असं शिक्षक मला नेहमी विचारतात. "तुला बघून बरं वाटलं." "आज मैदानात नुसता बसायला ये, खेळायचं नाही." "त्याची आठवण येते का रे? मलाही येते." एवढं पुरे होतं. "तू आता त्याच्या आईचा मुलगा आहेस" हे मात्र कुणीही म्हणू नये. आपल्याकडे ते प्रेमाने म्हटलं जातं, पण सोळा वर्षांच्या खांद्यावर ते फार जड होतं. "त्यांच्यासाठी जिंकायचं" हेही नको. जिंकले नाहीत तर मेलेल्या मित्राचे आपण अपराधी, हे ओझंही त्यांच्या माथी येतं.

गावातल्या डॉक्टरांशीही बोला. मुलगा गेलेल्या आईला झोप लागत नाही म्हणून गुंगीच्या गोळ्या सुरू होतात आणि सहा-सहा महिने चालूच राहतात. केवळ शोकासाठी अशा गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे. शोक हा आजार नाही. पहिल्या महिन्यात भयाण स्वप्नं, दचकणं, भूक जाणं, हॉर्न ऐकून अंग थरथरणं हे अशा धक्क्यानंतर बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही ते तितकंच राहिलं, मूल गाडीत बसायलाच तयार नसेल, शाळा सुटली, नशा सुरू झाली, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ गाठायचा. अशा धक्क्यावर परिणामकारक उपचार आहेत आणि ते मुलांनाही देता येतात. आणि मरणाची भाषा कानावर आली तर महिन्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हालचाल करायची. १४४१६ ही टेलिमानसची सरकारी दूरध्वनी सेवा दिवसरात्र मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. तो क्रमांक शाळेच्या फलकावर लिहा.

स्मृतिचषकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: महिन्याच्या दिवशी नको. मंडळाच्या पोरांची तळमळ मला समजते. त्यांना हातपाय हलवायचे आहेत, बसून राहणं त्यांना सहन होत नाही. पण फ्लेक्स, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचे सत्कार आणि रात्री दिव्यांच्या झगमगाटात सामने, हे ज्या दोन घरांना आज नको आहे त्यांच्यावर लादलं तर चषकाशी त्या घरांचं कायमचं वैर होईल. ज्या घराची ना आहे, त्या घराला आत्ता तरी निर्णयाचा अधिकार द्या. ते वर्षभराने कदाचित स्वतःच विचारतील, आणि विचारणार नाहीत तरीही चालेल.

हंबोल्टमध्ये नवा संघ उभा राहिला तो पाच महिन्यांनी. १२ सप्टेंबर २०१८ ला घरच्या मैदानावर पहिला सामना झाला, आणि समोर होता निपाविनचाच संघ, ज्याच्याशी खेळायला ती बस निघाली होती. अपघातातून वाचलेले दोनच खेळाडू संघात परतले होते. सामन्यानंतर, प्रेक्षकांच्या साक्षीने, गेलेल्यांच्या आठवणीचा कार्यक्रम झाला. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, झालं, गाव उठून उभं राहिलं. पण नव्या प्रशिक्षकाने डिसेंबरमध्येच पद सोडलं. गेलेल्यांच्या जागी आलेल्या माणसावर किती भार असतो, याचा विचार आपण करत नाही. तुमच्या शाळेत पुढच्या वर्षी कुणीतरी नवीन मुलगा कोपरारक्षक म्हणून उभा राहील, कदाचित त्याच क्रमांकाची जर्सी घालून. तो क्रमांक द्यायचा की नाही, हे त्या मुलाच्या घरच्यांना विचारून आधीच ठरवा. आयत्या वेळी किट वाटताना नको.

निपाविनच्या मुलांकडेही पाहा. ती मुलं प्रतिस्पर्ध्यांची वाट बघत थांबली होती. त्यांना पुढे अंतिम फेरी खेळावी लागली, आणि त्यांनी विजेतेपद मिळवलं. ते आनंदाने साजरं कसं करणार? तुमच्या मुलांनी त्या दिवशी ज्यांच्याशी सामने खेळले, त्या शाळांतही मुलं गप्प झाली असतील. त्या क्रीडाशिक्षकांना एक फोन करा. त्यांना तुम्हाला फोन करायचा असतो, धाडस होत नाही.

मैदान मात्र बंद ठेवू नका. सामने नकोत, सराव नको, पण संध्याकाळी नेहमीच्या वेळी तुम्ही तिथे बसा. जो येईल तो येईल. कुणी माती सारखी करेल, कुणी मॅटची गुंडाळी उन्हात घालेल. मुलांच्या अंगात जे साठलं आहे त्याला हाताचं काम लागतं.

पैशांविषयी थोडं कठोर बोलते. पैसा येतो प्रेमाने, आणि पहिलं भांडणही त्याच्यावरूनच होतं. हंबोल्टसाठी इंटरनेटवरून दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली, सुमारे ऐंशी देशांतून. कुणाला किती द्यायचे हे ना संघाने ठरवलं ना गावाने. सस्कॅचवानमध्ये अशा लोकवर्गणीसाठी स्वतंत्र कायदा आहे; त्याप्रमाणे प्रकरण न्यायालयात गेलं, सर्व २९ जणांना किंवा त्यांच्या कुटुंबांना आधी पन्नास-पन्नास हजार डॉलर अंतरिम दिले आणि मग बाहेरच्या जाणत्या माणसांच्या समितीने कुटुंबांशी बोलून शिफारस केली. त्या समितीत ऑलिंपिक विजेती हॉकीपटू हेली विकेनहायझर होती. गेलेल्यांच्या प्रत्येक कुटुंबाला एकूण सव्वापाच लाख डॉलर मिळाले, जखमींना काहीसे कमी. यावर सगळे समाधानी होते असं नाही. पण निर्णय शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध घेतला नाही, आणि ते गावात पुढे राहण्यासाठी फार मोलाचं असतं.

तुमच्याकडे एवढी रक्कम नसेल, पण तत्त्व तेच. पैसे आज कुणाच्या खासगी खात्यात किंवा कुणाच्या फोनवरच्या यूपीआयवर जमत असतील तर उद्याच वेगळं खातं काढा, तीन सह्यांचं. सह्या करणाऱ्यांत पीडित घरांपैकी कुणी नको आणि निवडणुकीला उभं राहणारंही कुणी नको. शक्य असेल तर शेजारच्या गावचे निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतून निवृत्त झालेले कुणी, अशी माणसं घ्या. किती जमले, किती दिले, याचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. दवाखान्यात असलेल्या मुलाचा खर्च वर्षानुवर्षं चालणार आहे, त्याचा वाटा राखून ठेवा. पहिल्या महिन्यात सगळं वाटून मोकळं होऊ नका. तुम्ही स्वतः या व्यवहारात पडू नका. तुमची गरज मुलांना आहे.

शोकात कागद मागे पडतात, म्हणून हेही लिहिते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाईचा अर्ज करायला कायद्याने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. शाळेतल्या मुलांसाठी राज्य सरकारची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना आहे, तिचा प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रती प्रत्येक घरासाठी वेगळ्या फाइलमध्ये लावून ठेवायचं काम शाळेच्या लिपिकांना द्या. मुलगा गेलेल्या बापाला पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारायला लावू नका. एवढं केलंत तरी त्या घरासाठी दहा शोकसभांपेक्षा जास्त झालं.

आता चालक. हा भाग अवघड आहे.

हंबोल्टच्या ट्रकचा चालक भारतातून गेलेला तरुण होता, नोकरीला नवा, एकट्याने ट्रक चालवायला लागून थोडेच दिवस झालेले. मागच्या फडफडणाऱ्या ताडपत्रीकडे लक्ष गेल्याने चौकाची खूण दिसली नाही, असं त्याच्या बाजूने सांगितलं गेलं. नोंदवह्यांमध्ये नियमभंग सापडले. त्याने खटला लढवला नाही, २९ च्या २९ आरोप कबूल केले, आणि मार्च २०१९ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. न्यायालयात कुटुंबं एकेक करून बोलली. काहींनी त्याला तिथेच क्षमा केली. काहींनी सांगितलं, क्षमा नाही, कधीच नाही. मे २०२४ मध्ये त्याला देशाबाहेर पाठवण्याचा आदेश निघाला तेव्हाही कुटुंबांमध्ये दोन्ही मतं होती. सहा वर्षांनंतरही. आणि तसं असणं चुकीचं नाही. क्षमा करणारं घर मोठ्या मनाचं आणि न करणारं कोत्या मनाचं, अशी विभागणी गावात कुणालाही करू देऊ नका. कीर्तनातही नको.

तुमच्या जीपच्या चालकाची चूक किती, ट्रॉलीवाल्याची किती, हे न्यायालय ठरवेल. राग येणं साहजिक आहे आणि तो राग घरांना बोलून दाखवता आला पाहिजे. पण चालकाच्या मुलांना शाळेत कुणी डिवचत असेल, किराणा दुकानात त्याच्या बायकोला माल मिळत नसेल, तर ते थांबवणं हे गावाचं काम आहे. त्या घरात आत्महत्येचा धोका असतो, हे मी अनुभवाने सांगते. कुणीतरी एकाने, ज्याचा या प्रकरणात थेट संबंध नाही अशा वयस्क माणसाने, दोन दिवसांआड तिथे चहाला जावं. पीडित घरांना हे सांगून करावं, चोरून नको: "आम्ही त्यांची बाजू घेत नाही, पण आणखी एक जीव जाऊ द्यायचा नाही." बहुतेक आईबापांना हे पटतं. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी वाद घालू नका.

आणि तुम्ही, सर. तुम्ही त्या जीपमध्ये नव्हता, याबद्दल तुमच्या पत्रात एकच वाक्य आहे आणि बाकी सगळं इतरांबद्दल आहे. प्रशिक्षकाला गाव दोन्हीकडून धरतं: होता तर का वाचला, नव्हता तर का नव्हता. कॅनडातच, न्यू ब्रन्सविकमधल्या बॅथर्स्ट गावात, १२ जानेवारी २००८ च्या मध्यरात्री शाळेच्या बास्केटबॉल संघाची व्हॅन बर्फाळ रस्त्यावर ट्रकला धडकली. सात मुलं गेली, आणि प्रशिक्षकाची पत्नीही. व्हॅन प्रशिक्षक स्वतः चालवत होता. तो वाचला, आणि त्याच गावात राहायचं होतं. मुलांना जे सांगितलं ते सगळं तुम्हालाही लागू आहे. तुमच्याशी बोलायला गावाबाहेरचं कुणीतरी हवं, कारण गावात तुम्ही कुणासमोर रडू शकणार नाही. जाताना एकटे जा, शिक्षक संघटनेतल्या कुणाला घेऊन नको.

बॅथर्स्टमधल्या काही आयांनी पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. चौकशीत त्या व्हॅनची अवस्था वाईट होती हे पुढे आलं, आणि विद्यार्थ्यांच्या वाहतुकीसाठी तसल्या पंधरा आसनी व्हॅन त्या प्रांतात बंद झाल्या. हंबोल्टनंतर सस्कॅचवानने मार्च २०१९ पासून अवजड ट्रकचा परवाना काढणाऱ्यांना १२१.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, देशात नव्या मोठ्या बसना २०२० पासून सीटबेल्ट बंधनकारक झाले, आणि त्या चौकात समोरचं दिसू न देणारी झाडं काढली गेली. त्याच चौकात १९९७ मध्ये एकाच कुटुंबातले सहा जण गेले होते, हे विसरता येत नाही. अपघातात गेलेल्या एका एकवीस वर्षांच्या खेळाडूने काही आठवड्यांपूर्वीच अवयवदानाची नोंदणी केली होती. त्याचे अवयव सहा जणांना मिळाले आणि त्याच्यामागे सुमारे दीड लाख लोकांनी नावं नोंदवली. आता दर ७ एप्रिलला तिथे हिरवे शर्ट घालून अवयवदानाचा दिवस पाळतात.

तुमच्याकडे उसाची ट्रॉली आहे. गाळप हंगाम दरवर्षी येतो, आणि रात्रीच्या रस्त्यावर दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा ट्रॉल्याही दरवर्षी येतात. मंडळाच्या पोरांना हातपाय हलवायचे आहेत ना? त्यांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आणि तुमच्या सहीचं पत्र द्या. कारखान्याच्या गेटवर उभं राहून प्रत्येक ट्रॉलीला पट्टी लावा, कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांना आणि परिवहन कार्यालयाला लेखी निवेदन द्या, पोच घ्या. शाळेत ठराव करा: सामने संपल्यावर रात्रीचा परतीचा प्रवास नाही, मुक्काम करायचा, गाडीत आसनांपेक्षा एकही जादा मूल नाही, चालकाची झोप झाली आहे की नाही हे विचारल्याशिवाय गाडी निघणार नाही. मुक्कामाला पैसे नाहीत म्हणून रात्री निघावं लागतं हे मला माहीत आहे. चषकासाठी जमवायचे ते पैसे तिकडे वळवता येतील. फक्त या कामात गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना पुढे उभं करू नका. त्यांना यावंसं वाटलं तर ते येतील.

शेवटी तारखा. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, विसाव्या दिवशी रिकामं होतं. तुम्ही नेमके तिथे आहात. आता माणसं लागतात. एका कागदावर वर्षभराच्या तारखा लिहा: प्रत्येक मुलाचा वाढदिवस, राखीपौर्णिमा, पहिली दिवाळी, जिल्ह्याच्या सामन्यांची निवड चाचणी, वर्षश्राद्ध. संघात दहावीची मुलं असतील तर निकालाचा दिवस ठळक लिहा. त्या दुपारी एक वाजता गावभर मोबाइलवर बैठक क्रमांक टाकले जातील, पेढे वाटले जातील, आणि एका घरात आई बसलेली असेल. त्या दिवशी सकाळपासून तिच्याकडे कुणी असायचं ते आजच ठरवा, नावासकट. प्रत्येक तारखेपुढे दोन नावं लिहा, कारण एक माणूस आजारी पडतो, परगावी जातो. सहा महिने उलटून गेल्यावरही एखाद्या घरात चूल नीट पेटत नसेल, माणूस दारातून बाहेर पडत नसेल, मुलाशिवाय जगण्यात काही उरलं नाही असंच दिवसरात्र वाटत असेल, तर तो लांबलेला शोक असू शकतो आणि त्याच्यावर उपचार होतात. तेव्हा त्यांना हाताला धरून जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन जा. गाडीत बसायला ते घाबरतील, म्हणून दिवसा निघा आणि सावकाश जा.